सोप्रानोज, सीझन २ : बिग पुसीचं टोनीला नक्की कधी कळलं?

रात्रपाळी_२२
गेल्या पंधरा दिवसांत 'द सोप्रानोज' या न्यू जर्सीतल्या माफियाच्या अमेरिकी मालिकेचा दुसरा सीझन परत बघून संपवला, ही तिसरी वेळ. खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे, ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोंब मारू नका.

दुसऱ्या सीझनचा विषय निघाला की लोक रिची अप्रिलबद्दल बोलतात. दहा वर्षं तुरुंगात काढून आलेला, डोळे न मिटता बघणारा, बीन्सीच्या अंगावर गाडी घालून त्याला कायमचा लुळा करणारा रिची. भारी आहेच तो. पण माझं मत असं की हा सीझन रिचीचा नाहीच, हा टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानोच्या जुन्या मित्राचा, बिग पुसीचा सीझन आहे. पहिल्या भागात तो परत येतो आणि तेराव्या भागात त्याला समुद्रात टाकतात, मधलं सगळं या दोन टोकांच्या मध्ये टांगलेलं आहे. १६ जानेवारी २००० ला पहिला भाग लागला आणि ९ एप्रिलला शेवटचा, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांनी तीन महिने हा ताण सहन केला, मी पंधरा दिवसांत केला तरी झोप उडाली.

तर प्रश्न असा. टोनीला पुसी एफबीआयचा खबऱ्या झालाय हे कधी कळलं? गोष्टीत दाखवलंय की शेवटच्या भागात, अन्नातून विषबाधा होऊन तापात पडलेला असताना स्वप्नात मासा येऊन सांगतो तेव्हा. मला ते पटत नाही. मला वाटतं पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुसी पोर्टो रिकोला पाठीवर उपचार घ्यायला गेलो होतो वगैरे सांगत परत येतो तेव्हा टोनी त्याला मिठी मारतो, ती मिठी नीट बघा. हात पाठीवरून, कमरेवरून फिरतायत. मित्राला मिठी मारताना कोणी असं चाचपत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खोबरेल
अरे संशय होता आणि कळलं होतं यात फरक आहे ना राव. पहिल्या सीझनमध्येच एका पोलिसाने टोनीला पुसीबद्दल सांगितलेलं असतं, त्यामुळे चाचपणारच तो. काही सापडलं नाही, विषय संपला.

आणि माझा मुख्य मुद्दा. नववा भाग आठव. टोळीतल्या ख्रिस्तोफरवर गोळ्या झाडणाऱ्या त्या मॅथ्यू बेविलाकाला मारायला टोनी कोणाला घेऊन जातो? पुसीला. हा माणूस एफबीआयचा आहे हे माहीत असताना त्याच्यासमोर कोणी खून करेल का? जन्मठेप आहे ती, चेष्टा नाही. टोनी हळवा असेल, मूर्ख नाही. सबब त्याला माहीत नव्हतं.

मधली_सुट्टी
खोबरेल यांचा मुद्दा बिनतोड वाटतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तिसरी_घंटा
विषय पुसीचा आहे हे मान्य पण रिचीला असं बाजूला सारू नका हो. मी हौशी नाटकात वीस वर्षं काम करतोय, म्हणून सांगतो, रिची झालेल्या डेव्हिड प्रोव्हलने जे केलंय ते फार अवघड आहे. तो माणूस उंच नाही, आवाज चढवत नाही, आणि तरी तो खोलीत आला की बाकीचे सगळे जागा बदलून बसल्यासारखे वाटतात. ते जॅकेटचं प्रकरण घ्या. तरुणपणी एका दांडगटाला बदडून त्याच्या अंगावरून काढून घेतलेलं चामड्याचं जॅकेट, हे रिचीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पदक, ते तो टोनीला देतो. आणि पुढे एक दिवस बघतो तर टोनीच्या कामवालीचा नवरा ते घालून उभा. रिची काही बोलत नाही. फक्त बघतो. मला तो सबंध सीझनमधला सगळ्यात भीतिदायक क्षण वाटतो आणि त्यात कोणाच्या हातात साधी काठीसुद्धा नाही.

मग लेखक काय करतात बघा. बाराव्या भागापर्यंत तुम्हाला सांगत राहतात की आता टोनी आणि रिचीचं युद्ध पेटणार, ज्युनियर काका कोणाच्या बाजूने जाणार, तो रिचीला वजनच नाही हे ओळखून टोनीला सावध करतो, टोनी रिचीला संपवायचं ठरवतो, सगळी मांडामांड झाली. आणि रिची मरतो कुठे, तर जेवणाच्या टेबलावर. भांडण कशावरून, तर रिचीचा मुलगा बॉलरूम डान्स करतो त्यावरून. तो होणाऱ्या बायकोच्या, म्हणजे टोनीच्या बहिणीच्या, जॅनिसच्या तोंडावर ठोसा मारतो आणि जेवायला बसतो, ती आतून पिस्तूल आणते. नाटकात आम्हाला शिकवतात की भिंतीवर बंदूक टांगली तर शेवटच्या अंकात ती वाजली पाहिजे. इथे बंदूक वाजली पण भलत्याच माणसाच्या हातात. आणि ते पूर्ण पटतं!

आंबटचुका
तिसरी_घंटा, अगदी. आणि त्यानंतर टोनी घरी येतो तेव्हाची त्याची बायको कार्मेला. रिची कुठे आहे असं विचारते, तो म्हणतो गेला. ती खोदून विचारते, मग तो सांगतो की लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर तुला गुन्ह्यातली साथीदार करायला लावू नकोस. आणि ती काय करते, तर सांगून टाकते की मी मैत्रिणीबरोबर, रोझालीबरोबर तीन आठवडे रोमला चाललेय, मुलांचं तू बघायचं. कार्मेला झालेली ईडी फाल्को ते वाक्य असं म्हणते की जणू दुधाचा हिशोब सांगतेय. तिला सगळं कळलेलं आहे आणि त्याची किंमत तिने वसूल केली. मला तर त्या घरात सगळ्यात जास्त धाक तिचाच वाटतो.

पण मी आले होते टोनीच्या आईबद्दल, लिव्हियाबद्दल लिहायला. ते काम करणारी नॅन्सी मर्चंड १८ जून २००० ला गेली, शेवटचा भाग लागून दोन-सव्वादोन महिने झाले होते. तिला फुप्फुसाचा कर्करोग होता, त्यात श्वासाचा त्रास. हे वाचल्यावर मी तिचे प्रसंग परत बघितले. टोनीचा मुलगा ए.जे. तिला दवाखान्यात भेटायला येतो, शाळेत कुठल्याशा तत्त्वज्ञाचं वाचून आलेला असतो, आयुष्याचा अर्थ काय म्हणून विचारतो, आणि ती नातवाला सांगते की हे सगळं मोठ्ठं काहीच नाही, तू स्वतःला एवढा कोण समजतोस. माझी एक आत्या अशीच होती. नाव नाही घेत. कोणी पेढे घेऊन गेलं की हातात पेढा धरून म्हणायची, आज आहे, उद्याचं काय. आम्ही पोरं घाबरायचो आणि तरी सुट्टीत तिच्याकडेच जायचो, का ते आजही सांगता येत नाही. म्हणून टोनी आईचं नाव टाकतो, माझ्यासाठी ती मेली म्हणतो आणि तरी सारखा तिच्याच दारात, हे मला फार खरं वाटतं. तो तिच्या घरातून तावातावाने निघतो, धडपडतो, आणि ती हसते! तोंडावर हात धरून हसते. अंगावर काटा आला.

जर्सीकर
जर्सीत राहून आता बरीच वर्षं झाली त्यामुळे ही मालिका माझ्यासाठी अर्धी रस्त्यांची मालिका आहे. सुरुवातीचं गाणं चालू असतं तेव्हा टोनी लिंकन टनेलमधून बाहेर पडून टर्नपाइकला लागतो, तो टोल, ते तेलाच्या टाक्या, तो सगळा माझा ऑफिसचा रस्ता. बाडा बिंग म्हणून टोळीचा जो बार दाखवलाय तो लोडायला, रूट १७ वर, आणि त्यांचा दुसरा अड्डा, सॅट्रियालेचं मटणाचं दुकान कर्नीला उभं केलं होतं. आपले मराठी लोक एडिसनला, पार्सिपनीला, जर्सी सिटीला. टोनीचं घर नॉर्थ काल्डवेलला, पार्सिपनीहून गाडीने फार लांब नाही. गणपतीच्या आरतीला जाताना बायकोला दरवेळी सांगतो की इथून वळलं की टोनीचं घर, ती दरवेळी म्हणते माहीत आहे.

शेवटच्या भागातली स्वप्नं अ‍ॅस्बरी पार्कच्या बोर्डवॉकवरची आहेत. मी पहिल्यांदा तिथे गेलो ते हिवाळ्यात. लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बंद शटरं, वारा असा की डोळ्यातून पाणी. उन्हाळ्यात तिथे जत्रा असते, आता तर खूपच सुधारलंय, पण २००० साली ते शहर पार उतरणीला लागलेलं होतं. माणसाला जे बघायचं नाहीये ते बघायला लावायचं तर त्याहून चांगली जागा नाही. टोनी तिथे कोट घालून उभा आहे, अंगावर पेट्रोल ओतून घेतोय, आणि पुढे बर्फावर मासे मांडलेत त्यातला एक पुसीच्या आवाजात बोलतो.

नेपल्सच्या भागाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? चौथा भाग. प्रत्यक्ष नेपल्सला जाऊन शूट केलेला. टोळीतला पॉली आयुष्यभर आम्ही इटालियन, आम्ही इटालियन करत असतो, आणि तिथे गेल्यावर त्याला तिथलं जेवण जात नाही, तो आपली जर्सीची लाल ग्रेव्हीवाली मॅकरोनी मागतो, आणि टेबलावरचे लोक आपापसात त्याची टिंगल करतात. कॅफेत बसलेल्या माणसाला मोठ्या झोकात 'कोमेंदातोरी' म्हणून सलाम ठोकतो, तो ढुंकून बघत नाही. (तो माणूस म्हणजे मालिका निर्माण करणारा डेव्हिड चेस स्वतः.) हे बघताना मला हसू आलं नाही. माझा मुलगा इथे जन्मला, घरात मराठीच बोलतो, मोठ्या अभिमानाने सांगतो की मी कोल्हापूरचा. गेल्या खेपेला गेलो तेव्हा चुलत भावंडांच्या घोळक्यात बोलायला गेला आणि ती सगळी एकदम गप्प झाली, मग हसली. रात्री मला विचारत होता, बाबा मी काय चुकीचं बोललो. काही चुकीचं नव्हतं बोलला. शब्द तीस वर्षांपूर्वीचे होते, माझे.

मधली_सुट्टी
जर्सीकर दादा, शेवटचं वाक्य वाचून गलबललं.

सुकाबोंबील
गोंयकार म्हणून मला एका गोष्टीवर बोलायलाच पाहिजे. शेवटच्या भागात टोनी आणि मंडळी आधी एका भारतीय हॉटेलात जेवतात आणि मग टोनीचा दोस्त आर्टी, त्याच्या हॉटेलात जाऊन कालवं की शिनाणे, ते मसल्स खातात. टोनीची रात्रभर वाट लागते. दुसऱ्या दिवशी आर्टी आल्यावर त्याचं पहिलं काम काय, तर दोष भारतीय जेवणावर ढकलणं! त्याचं हॉटेल स्वच्छ, त्याचे शिनाणे ताजे, आणि आमचं तूप-मसाला वाईट. अरे बाबा शिनाणे शिजवताना जो उघडला नाही तो टाकून द्यायचा हे आमच्याकडे दहा वर्षांचं पोरसुद्धा सांगेल. माझी आई एकेक हातात धरून कानाजवळ नेऊन वाजवायची, आतून पोकळ वाजला की फेकला.

आणि तिकडच्या भारतीय हॉटेलांचं म्हणाल तर एकदा लंडनला मी विंदालू म्हणून जे खाल्लं ते नुसतं तिखट होतं, बटाटे घातलेले. विंदालू ही पोर्तुगीजांकडून आलेली विनागर आणि लसणाची भानगड आहे, त्यात आलू नाही, डुकराचं मांस असतं, माडाच्या सुरेचा विनागर असतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. असो, फाटा फुटला.

माशाचं मात्र अचूक धरलंय. बाजारात बर्फावरचा मासा ताजा आहे की नाही हे आपण त्याच्या डोळ्यात बघून ठरवतो. टोनीपण तेच करतो, वाकून बघतो, आणि तो मासा खरं बोलतो.

खोबरेल
सुकाबोंबील, आर्टीच्या वतीने मी माफी मागतो, पण भूक लागली ना आता.

गच्चीवरून
बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहिते. लांब होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पुसी आणि रिचीबद्दल लिहिताय, मला हा सीझन डेव्ही स्काटिनोचा वाटतो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, टोनीचा शाळेतला मित्र, खेळाच्या सामानाचं मोठं दुकान, जुगाराचं व्यसन. रिचीचे आठ हजार डॉलर आधीच देणं असतात. मोठ्या माणसांचा पत्त्यांचा डाव बसतो तिथे त्याला यायचं असतं, टोनी आधी नको म्हणतो, तरी तो येऊन बसतो आणि एका रात्रीत टोनीचे ४५ हजार डॉलर देणं लागतो. पैसे नाहीत म्हणून मुलाची गाडी देतो. टोनी ती गाडी आपल्या मुलीला, मेडोला भेट देतो, आणि मेडोच्या लगेच लक्षात येतं की ही एरिकची गाडी, तिच्याच वर्गातल्या, तिच्याबरोबर गाणं म्हणणार असलेल्या मुलाची.

आणि मग दहावा भाग. दुकान ताब्यात घेतात म्हणजे काय करतात, तर दुकानाच्या नावावर उधारीने माल मागवतात, पाण्याच्या बाटल्या, कूलर, विमानाची तिकिटं, काहीही, आणि तो माल बाहेर परस्पर विकतात. देणं दुकानाच्या डोक्यावर, पैसा यांचा. दुकान बुडेपर्यंत. डेव्ही आपल्याच दुकानात तंबू ठोकून त्यात झोपतो. टोनीला विचारतो की मला का खेळू दिलंस. टोनी सरळ सांगतो, तुझं हे दुकान आहे हे मला माहीत होतं.

मी हे बघताना टीव्ही बंद केला होता. माझ्या काकांचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, सिमेंटचे पत्रे. खिळे वजनावर मिळायचे, काटा लोखंडी, मला लहानपणी त्यात बसवून काका म्हणायचे अडीच किलो झाली गं. त्यांचा एक वर्गमित्र, शाळेत एका बाकावरचा, त्याचा पत्त्यांचा क्लब होता. दिवाळीत गंमत म्हणून सुरू झालं, मग दर शनिवारी, मग दुपारीसुद्धा दुकानावर नोकराला बसवून. हरले की तो मित्रच हातउसने द्यायचा, वहीत लिहायचा. एक दिवस म्हणाला पैसे राहू देत, माल दे. मग कोल्हापूरच्या, सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून काकांच्या पतीवर पत्रे आले, पाण्याच्या टाक्या आल्या, ट्रक दुकानासमोर थांबायचासुद्धा नाही, सरळ पुढे जायचा. काकांची पत तीस वर्षांची होती. आठ महिन्यांत संपली. शेवटी शेवटी काका रात्री घरी यायचे नाहीत, दुकानातच रंगाच्या डब्यांच्या मधल्या बोळात पथारी टाकून झोपायचे. काकू डबा पाठवायची माझ्या हाती, मी शटरखालून आत सरकवायचे. चुलत भावाचं इंजिनीअरिंग राहिलं, तो आयटीआयला गेला.

तो मित्र माझ्या लग्नाला आला होता. आहेर घेऊन. काकांनी त्याला हात धरून पंगतीत बसवलं.

म्हणून मला तो तंबू बघवला नाही. ज्याने कोणी तो प्रसंग लिहिला त्याने हे कुठेतरी जवळून बघितलं असणार.

आंबटचुका
गच्चीवरून, काय लिहू कळत नाहीये. शटरखालून डबा सरकवणारी तू डोळ्यासमोर आलीस.

जर्सीकर
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. डेव्ही म्हणजे रॉबर्ट पॅट्रिक. त्याचा तंबूतला चेहरा मी विसरलो नाहीये पण आता तो बघताना तुमचे काकाच आठवणार.

त्याच्याशी जोडून एक सांगतो, लेखकांची शिवण किती बारीक आहे त्याचं. डेव्हीच्या दुकानाच्या नावाने मागवलेली ती विमानाची तिकिटं आठवा. शेवटच्या भागात टोनी आईची ब्याद जावी म्हणून तिला आणि मावशीला तिकिटं देतो, आणि लिव्हिया विमानतळावर चोरीच्या तिकिटांवर पकडली जाते. त्यावरून टोनीच्या घरी एफबीआयवाले. मेडोच्या शाळेचा शेवट, घरात तिच्या मैत्रिणी, आणि बापाच्या हातात बेड्या. डेव्हीचा तळतळाट टोनीच्या घरात आला तो आईच्या पर्समधून.

तिसरी_घंटा
वा! हे माझ्या तीनदा बघून लक्षात आलं नव्हतं. आणि कार्मेलाकडे वॉलपेपर लावायला येणारा तो व्हिक, डेव्हीचा मेहुणा. त्या दोघांचं काहीतरी जुळत होतं, ती जेवण करून वाट बघत बसते आणि तो येतच नाही, कारण डेव्हीचं काय झालं ते त्याला कळलेलं असतं. म्हणजे एका दुकानाने त्या घरातल्या तिघांचं काहीतरी नेलं, मेडोचं, कार्मेलाचं आणि टोनीचं.

मेडोची शाळा संपल्याच्या पार्टीत शेवटी बघा, मांडवात सगळे फोटो काढतायत, टोनी सिगार ओढतोय, आणि मधेमधे कचऱ्याचे ट्रक, फोनकार्ड विकणारे, डेव्हीचं बंद दुकान, आणि समुद्राच्या लाटा. कोणी एक शब्द बोलत नाही. या सीझनसाठी टोनी झालेल्या गँडोल्फिनीला २००० चं एमी मिळालं, मला विचाराल तर त्या सिगारच्या एका क्लोजअपसाठी दिलं असतं तरी चाललं असतं.

पाणपोई
मी पहिल्यांदाच बघतोय, सहाव्या भागावर आहे, वरचा इशारा न वाचता सगळा धागा वाचला. आता कळलं पुसी मरतो. ठीक आहे, दोष माझाच आहे. पण वाचून उलट जास्त बघावंसं वाटतंय.

रात्रपाळी_२२
पाणपोई, अरेरे! पण खरं सांगतो, काय होणार हे माहीत असताना बघितलं की हा सीझन जास्त लागतो. ए.जे.च्या कन्फर्मेशनचा (चर्चमधला धार्मिक विधी) भाग तुझा पुढेच आहे. पुसी त्याचा गॉडफादर, अंगावर वायर (एफबीआयचा छुपा माईक) लावून समारंभाला आलेला, ए.जे.ला खोलीत जवळ बसवून तुझा बाप किती चांगला आहे ते सांगतो, मग बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडतो. आता तू ते माहीत असूनच बघणार आहेस.

खोबरेल, तुझ्या बेविलाकाच्या मुद्द्याने मला चार दिवस छळलं. तो भाग परत बघितला. दोघं मिळून त्या पोराला मारतात आणि मग हॉटेलात जाऊन स्टेक खातात. टोनी किती खूश आहे बघ, जुन्या दिवसांसारखा गप्पा मारतो. मला वाटतं त्याला पुरावा हवा होता, पण पुसी आपला आहे याचा. बरोबर खून केला म्हणजे हा आपला, विषय मिटला. ज्याला अजिबात संशय नसतो त्याला असा पुरावा लागत नाही.

खोबरेल
हम्म. म्हणजे तू म्हणतोस कळलं होतं पण वळवून घेत नव्हता.

रात्रपाळी_२२
हो. आणि डोक्याने ऐकलं नाही म्हणून पोटाने सांगितलं. संडासात बसून उलट्या काढतोय आणि माहिती बाहेर येतेय. ताप उतरल्यावर तो कोणाशी चर्चा करत नाही, पुरावे जुळवत नाही, उठतो, कपडे घालतो आणि टोळीतल्या सिल्व्हिओला घेऊन पुसीच्या घरी जातो. वरच्या बाथरूममध्ये पोट बिघडल्याचं सोंग करून बेडरूम शोधतो आणि वायर सापडते. ती सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाहीये रे. बघ परत. दमलेला दिसतो फक्त.

मधली_सुट्टी
होडीतला प्रसंग मी एकदाच बघितलाय आणि परत बघणार नाही. चौघं टकिला पीत बसतात, पुसी त्या पोर्टो रिकोच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईची गोष्ट रंगवून सांगतो, हसतात सगळे. मग टोनी विचारतो, ती बाई खरंच होती का. तिथे सगळं संपतं. मग पुसी चेहऱ्यावर मारू नका म्हणतो, उभं राहवत नाही म्हणून बसू का विचारतो. मला वाटतं रात्रपाळी यांचं उत्तर त्या एका प्रश्नात आहे. ती गोष्ट पुसीने पहिल्या भागात सांगितलेली. म्हणजे टोनीने ती तेरा भाग मनात ठेवली होती, न विचारता.

तिसरी_घंटा
मधली_सुट्टी, हे म्हणजे धाग्याचं उत्तर झालं की.

खोबरेल
मिठीचं आणि त्या बाईचं पटलं. बेविलाकाचं अजून नाही पटलं, एवढं सांगून ठेवतो.

गच्चीवरून
परत आले. इथलं सगळं वाचून काल काकांना फोन केला. आता वय झालंय, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धीर करून विचारलं, काका, तो तुम्हाला फसवतोय हे तुम्हाला कधी कळलं होतं?

म्हणाले, दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी. पत्ते पिसताना बघितलं होतं.

मी म्हटलं मग जात का राहिलात.

बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, तो चहा सांगायचा ना गं माझ्यासाठी, बिनसाखरेचा, न विचारता. आणि काकूला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.

रात्रपाळी_२२
ताई, काकांना माझा नमस्कार सांगा.

खोबरेल
मी आज रात्री पहिल्या भागापासून परत लावतोय. पाणपोई, तू सातव्यावर ये, मी गाठतो तुला.